विल्ना घेट्टोतील सशस्त्र प्रतिकार

नाझी अमलाखालील ज्यूंनी शस्त्र उचलण्यास इतका विलंब का लावला, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा शस्त्रांच्या दुर्मिळतेत शोधले जाते. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे. लिथुएनियातील विल्ना (आजचे व्हिल्नियस) या नगरीचा वृत्तांत पाहता अधिक बिकट अडचण घेट्टोच्या आतच होती, असे दिसून येते.

जर्मन सैन्याने जून १९४१ मध्ये हे शहर घेतले. वर्ष संपण्यापूर्वीच तेथील बहुसंख्य ज्यूंना जवळच्या पोनारी वनात गोळ्या घालून ठार करण्यात आले. घेट्टोत सुमारे २०,००० माणसे उरली. हा स्थानिक अत्याचार नसून युरोपातील समस्त ज्यूंच्या उच्छेदाची योजना आहे, असे अनुमान तरुण कवी अब्बा कोव्हनर याने वर्षअखेरच्या रात्री वाचलेल्या जाहीरनाम्यात काढले. हाती कागदोपत्री पुरावा नसताना काढलेले हे अनुमान अचूक ठरले. २१ जानेवारी १९४२ रोजी ‘संयुक्त पार्टिझन संघटना’ स्थापन झाली. साम्यवादी, डावे झिओनवादी आणि त्यांचे कट्टर विरोधक बेतारपंथीय तीत एकत्र आले, ही लहान गोष्ट नव्हे. नेतृत्व साम्यवादी इत्सिक विटेनबर्ग याजकडे होते.

घेट्टोप्रमुख याकोव गेन्स याचा हिशेब निराळा होता. घेट्टो जर्मनांना उपयोगी वाटेल तोवर तो जगेल, असे तो मानी. आणि १९४२ साली मोठी हत्याकांडे थांबल्यामुळे लोकांसही ते पटे. जुलै १९४३ मध्ये जर्मनांनी विटेनबर्गची मागणी केली. १५ जुलैच्या रात्री गेन्सच्या कचेरीत तो पकडला गेला, परंतु सहकाऱ्यांनी त्याला बळाने सोडविले. तेव्हा एका माणसापायी सर्व घेट्टो नष्ट होणार, ही वार्ता पसरली आणि क्षुब्ध जमाव संघटनेवरच उलटला. आपल्याच लोकांवर गोळी झाडावी काय? संघटनेने नकारार्थी निर्णय घेतला. विटेनबर्गने कोव्हनरकडे सूत्रे सोपविली व १६ जुलैला तो स्वाधीन झाला. कोठडीत त्याचा अंत झाला, बहुधा विषप्राशनाने.

या जमावाला भ्याड म्हणणे सोपे आहे. त्याच्या कडेवर मुले होती, हे विसरता येत नाही. येथे वॉर्साशी तुलना उद्बोधक ठरते. तेथून १९४२ च्या उन्हाळ्यात अडीच लाखांहून अधिक ज्यू ट्रेब्लिंका येथे नेऊन मारण्यात आले होते. श्रमाने जीव वाचेल ही आशाच तेथे मावळली होती. म्हणून १९ एप्रिल १९४३ रोजी उठाव झाला तेव्हा उरलेली वस्ती तळघरांत दडून राहिली व लढवय्यांच्या बाजूची ठरली. विल्नात ती आशा अद्याप जिवंत होती.

१ सप्टेंबर १९४३ रोजी जर्मनांनी विल्ना घेट्टो वेढला. संघटनेने लढ्याची हाक दिली. अल्पशी चकमक झाली, परंतु लोक उठले नाहीत. एस्तोनियातील श्रमछावण्यांत नेले जात असल्याचे त्यांना सांगण्यात आले होते, आणि या खेपेस ते खरेही होते. १४ सप्टेंबरला गेस्टापोने खुद्द गेन्सलाच गोळी घातली. २३ सप्टेंबरला घेट्टो रिकामा करण्यास आरंभ झाला, तेव्हा कोव्हनर व त्याचे उरलेले सहकारी शहराच्या गटारांतून बाहेर पडले आणि रुदनिकीच्या अरण्यात जाऊन पार्टिझन म्हणून लढू लागले.