पेडल मारून जमवलेला पैसा

दूर देशातल्या पोरक्या मुलांसाठी कुणीतरी हजार मैल सायकल चालवतो आणि ओळखीपाळखीचे लोक त्याच्या नावावर पैसे भरतात. हे वारासिवनीच्या बाजारात सांगून पाहा. "पैसे द्यायचेत तर सरळ द्या ना, सायकल कशाला?" हा प्रश्न येणारच. इकडे सायकल म्हणजे शाळा. दुसऱ्या गावच्या शाळेत जावं लागणाऱ्या सहावी आणि नववीच्या मुलामुलींना मध्य प्रदेश सरकार सायकल देतं. धानाच्या बांध्यांमधून ती पोरं शाळा गाठतात. सायकलवर बसून दान मागणं वैनगंगेकाठच्या माणसाला चमत्कारिकच वाटणार.

पण प्रश्न रास्त आहे आणि त्यावर संशोधन झालेलं आहे. क्रिस्तोफर ओलिव्होला आणि एल्डार शफीर या दोघांनी २०१३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मदतकार्यात कष्ट आणि वेदना सोसाव्या लागणार असतील, तर लोक सुखाच्या कार्यक्रमापेक्षा जास्त पैसे द्यायला तयार होतात, असं त्यांना आढळलं. पंढरीची वाट पायी तुडवणाऱ्या आणि नवस फेडायला अनवाणी निघणाऱ्या मुलखाला हे प्रयोगाविना ठाऊक होतं, असं म्हणायचा मोह होतो.

या कष्टाचं पैशात रूपांतर करण्याची शिस्त मात्र अमेरिकेतल्या 'पॅन-मास चॅलेंज'कडून शिकावी. १९८० साली बिली स्टार यांच्यासोबत ३६ जण मॅसेच्युसेट्स ओलांडायला निघाले. कर्करोगाच्या उपचारांसाठी त्यांनी १०,२०० डॉलर जमवले. आज त्या सफरीची एकूण जमा एक अब्ज डॉलरच्या पुढे आहे. प्रत्येक सायकलस्वार ठरावीक रक्कम जमवण्याचं बांधून घेतो आणि कमी पडली तर खिशातून भरतो. त्यानं जमवलेला पैसा पूर्णपणे उपचारनिधीत जातो, खर्च दुसरीकडून भागवला जातो. देणाऱ्याचा भरवसा टिकला तो यामुळे.

आपल्याकडचं उदाहरण नाशिकचं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका'त उतरले. सुमारे ४,८०० किलोमीटरचं अंतर, नऊ दिवसांची मुदत. दोघांनी आळीपाळीनं सायकल चालवत ते ८ दिवस १४ तासांत पार केलं. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. संघाचं नाव होतं 'व्हिजन फॉर ट्रायबल्स', आदिवासींच्या डोळ्यांच्या आरोग्यासाठी. रस्ता परका आणि काम घरचं! बाबा आमटे यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून तरुणांना सायकलवर काढलं, त्यात माणसं जोडण्याचा हेतू होता. तो निराळा प्रवास.

इथपर्यंत सगळं छान. पण ब्रिटन-अमेरिकेतून अशा सफरी कंबोडिया, युगांडा, नेपाळ आणि भारतातल्या अनाथालयांसाठीही निघतात, आणि तिथे माझं मन खट्टू होतं. युनिसेफच्या २०१५ च्या अंदाजानुसार जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुलं होती. या मोजणीत एक पालक गेलेलं मूलही धरतात. दोन्ही पालक गमावलेली मुलं सुमारे १ कोटी ५१ लाख. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत मुलांच्या निवासी संस्था ७५ टक्क्यांनी वाढल्या, आणि आतल्या दर चारपैकी जवळजवळ तीन मुलांची आई किंवा बाप जिवंत होते. पोरकेपण वाढलं नव्हतं. परदेशी देणग्या आणि पाहुणे वाढले होते. दाता इमारत बघतो, खाटा मोजतो, मुलांसोबत फोटो काढतो. आजीच्या घरी राहणाऱ्या नातवाचा फोटो कोण काढणार? रुमानियात बुखारेस्टच्या १३६ संस्थावासी मुलांचा २००० पासून अभ्यास झाला. संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सांभाळायला घेणाऱ्या कुटुंबात गेलेल्यांची वाढ चांगली झाली, त्यातही जी लवकर गेली त्यांची अधिक.

म्हणून संस्था वाईटच, असं मात्र नव्हे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळला. आपला बालाघाट त्याच प्रांतातला. पंडिता रमाबाई तिकडे गेल्या, उपासमारीतून शेकडो मुली घेऊन आल्या, आणि केडगावला 'मुक्ती सदन' उभं राहिलं. त्यांच्या पुण्याच्या शारदासदन या विधवा-मुलींच्या शाळेसाठी पैसा आला होता तो १८८७ साली बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनकडून. त्यासाठी रमाबाईंनी अमेरिका पालथी घातली होती, व्याख्यानं देत. दुष्काळानं घरंच्या घरं रिकामी केली तिथे छप्पर देणं हाच उपाय होता. घर शिल्लक असताना छप्पर वेगळं बांधणं हा निराळा व्यवहार.

आपल्या कायद्यानं हा भेद ओळखला आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे, आणि मुलं सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच येतो, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या पुढे नेता येत नाही. तेव्हा उद्या लंडनचा कुणी नातेवाईक भारतातल्या मुलांसाठी सायकलवर निघाला आणि तुमच्याकडे संस्थेचं नाव मागू लागला, तर या दोन्ही नोंदण्या तपासा. मग विचारा, मुलाचे नातेवाईक शोधले होते का, आणि यंदा किती मुलं घरी परतली. उत्तर देताना कुणी चाचरलं, तर दुसरी संस्था शोधा.

वारासिवनीच्या वाचकाला आणखी एक विनंती. मध्य प्रदेशच्या 'मुख्यमंत्री बाल आशीर्वाद' योजनेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या, १८ वर्षांखालच्या अनाथ मुलाला दरमहा ४,००० रुपये मिळतात. अर्ज महिला व बालविकास विभागाकडे करायचा असतो. आजीला किंवा मामाला कागद जमत नसतील, तर तुम्ही भरून द्या. मूल संकटात दिसलं, तर १०९८ ला फोन करा.