बोभाटा आणि अब्रू

ऑक्टोबर १९७१मध्ये मुंबईत ‘स्टारडस्ट’ मासिकाचा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर राजेश खन्ना यांच्या गुप्त विवाहाविषयी प्रश्न होता. विधान नव्हे, प्रश्न. सिनेवार्तांच्या नव्या धंद्याचे मर्म त्या प्रश्नचिन्हात होते. विधान करणाऱ्याकडे पुरावा मागता येतो. प्रश्न विचारणारा मात्र मोकळा सुटतो, कारण उत्तर वाचकच मनात भरून घेतो.

या धंद्याला आकार देणाऱ्यांपैकी दोघी मराठी घरांतील होत्या : ‘स्टार अँड स्टाईल’च्या स्तंभलेखिका देवयानी चौबळ आणि ‘स्टारडस्ट’च्या संपादक शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आजच्या शोभा डे. १९३५मध्ये निघालेल्या बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’नेही नटनट्यांना बोचरे शेरे मारले होते, परंतु नव्या स्तंभांत पडद्यावरचे काम मागे पडले आणि कोण कोणाबरोबर दिसले, हाच मुख्य विषय झाला. माजघरात दबक्या आवाजात होणारी कुजबुज आता पैसे मोजून विकत मिळू लागली. त्यातून थोरामोठ्यांच्या दांभिकपणावरचा पडदा कधी दूर झाला, हेही मान्य केले पाहिजे. परंतु बदनामीचा भार स्त्री आणि पुरुष यांच्यावर सारखा पडला नाही.

खानदेशाने हे आपल्याच लेकीच्या बाबतीत पाहिले. स्मिता पाटील या धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे नेते व राज्याचे माजी मंत्री शिवाजीराव पाटील यांच्या कन्या. १९७७च्या ‘भूमिका’ या चित्रपटातील कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपट अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला होता. लोकांनी जिच्याविषयी खूप बोलून घेतले, त्या स्त्रीने आपले आयुष्य स्वतःच्या शब्दांत मांडलेले होते. पुढे विवाहित अभिनेते राज बब्बर यांच्याशी स्मिताताईंचे नाव जोडले गेले, तेव्हा त्यांचीही सुटका झाली नाही. निर्णय दोघांचा असूनही संसार मोडल्याचा ठपका प्रामुख्याने एकटीच्या माथी आला. १३ डिसेंबर १९८६ रोजी, पुत्रजन्मानंतर अवघ्या पंधरवड्यात, वयाच्या ३१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्यांनी ते शेरे चवीने वाचले होते, त्यांनीही त्या दिवशी हळहळ व्यक्त केली.

नटीला निदान स्वतःचे नाव आणि व्यासपीठ असते. सामान्य घरातील मुलीकडे दोन्ही नसते. १९९४च्या पावसाळ्यात जळगाव हादरले. मुलींना आणि स्त्रियांना फसवून, त्यांची छायाचित्रे काढून, त्या छायाचित्रांच्या धाकाने त्यांच्यावर अत्याचार होत असल्याचे उघडकीस आले. अरविंद इनामदार आणि मीरा बोरवणकर यांच्यासारखे पोलीस अधिकारी तपासाला आले. गावोगावच्या चर्चेत पीडितांचे आकडे शेकड्यांवर गेले. तक्रार द्यायला मात्र मोजक्याच स्त्रिया पुढे आल्या. प्रमुख खटल्यातील शिक्षाही पुढे मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही.

बाकीच्या स्त्रिया गप्प का राहिल्या, हे सोयरीक जुळवणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या काळात मुलगी ‘जळगावची’ एवढे कळताच बोलणी थांबल्याच्या कहाण्या सर्वत्र ऐकू येत. पीडितेचे नाव छापण्यास १९८३पासून कायद्याने बंदी होती. परंतु ओट्यावरच्या बोलण्याला कोणता कायदा आवरणार? अपराध करणाऱ्याचे हत्यार छायाचित्र होते, हे खरे. पण त्या हत्याराला धार आली ती ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने. भल्या घरांतील कुजबुज नकळत धमकावणाऱ्याच्याच उपयोगी पडली.

तीस वर्षांत दृष्टी बदलली आहे. चोरून छायाचित्र काढणे आणि पसरवणे हा २०१३पासून स्वतंत्र गुन्हा आहे. सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराला फौजदारी गुन्ह्यांतून वगळले आणि पुढच्याच महिन्यात चित्रपटसृष्टीतील अनेक स्त्रिया आपल्यावरील अन्यायाविषयी उघडपणे बोलू लागल्या. पूर्वी ‘कोण कोणाबरोबर होते’ असे विचारले जाई. आता ‘तिची संमती होती का’ असे विचारले जाते. या दुसऱ्या प्रश्नात चव कमी आणि न्याय अधिक आहे.

तरीही स्तंभलेखिकांची ती जुनी लेखणी नाहीशी झालेली नाही. ती घरोघरच्या मोबाइलमध्ये आली आहे. कुटुंबाच्या, पेठेच्या, समाजाच्या व्हॉट्सअॅप समूहात ‘खरे का हो?’ एवढेच लिहून कोणाच्या तरी मुलीचे छायाचित्र पुढे सरकवले जाते. १९७१चे तेच प्रश्नचिन्ह! अत्याचारपीडितेची ओळख समाजमाध्यमांवरही उघड करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८मध्ये बजावले, हे पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात असते?

प्रतिक्रमणात अठरा पापस्थानकांचा उच्चार होतो. त्यांत मैथुनाचे स्थान एक आहे. अभ्याख्यान म्हणजे खोटा आळ, पैशुन्य म्हणजे चहाडी आणि परपरिवाद म्हणजे परनिंदा, अशी जिभेच्या या पापांची स्थाने मात्र तीन आहेत. कोणाचे तरी स्खलन झाले असेल वा नसेल. ते चघळणाऱ्याचा दोष त्याने कमी होत नाही.

पेढीवर बसणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ऐकीव उधारी कोणी खात्यावर मांडत नाही. आधी चिठ्ठी पाहतो, मग रक्कम लिहितो. एखाद्या व्यापाऱ्याची पत बुडाल्याची आवई उठली, तर शहाणा माणूस ती पुढे नेण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो, कारण आवई खोटी ठरली तरी बुडालेली पेढी परत उभी राहत नाही. सोयरिकीच्या चौकशीचा फोन येईल आणि पलीकडून कोणा मुलीविषयी विचारणा होईल, तेव्हा डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच सांगावे आणि ऐकलेले आपल्यापाशीच थांबवावे. जळगावच्या त्या गप्प राहिलेल्या स्त्रियांना त्यांच्या शेजाऱ्यांकडून एवढेच हवे होते.