एक नाव, अनेक कार्यविधी

ग्रामपातळीवरील कारभारात काम एकच असले, तरी त्यासाठी पुढे येणारी माहिती निरनिराळ्या स्वरूपाची असते. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील शेतकऱ्यास आपला सातबारा 'महाभूलेख' संकेतस्थळावर गट क्रमांकावरून शोधता येतो, तसाच नावावरूनही शोधता येतो. अशा कामांची आज्ञावली लिहिताना 'प्रोसीजर ओव्हरलोडिंग', म्हणजे एकाच नावाखाली अनेक कार्यविधी ठेवण्याची सोय, उपयुक्त ठरते.

सोय कोणती?

कार्यविधी म्हणजे ठरावीक काम करणारा आज्ञावलीचा भाग. ही सोय नसल्यास 'गटावरून शोध', 'नावावरून शोध' अशी वेगवेगळी नावे द्यावी लागतात आणि ती सर्व लक्षात ठेवावी लागतात. ओव्हरलोडिंगमध्ये 'सातबारा शोध' हे एकच नाव पुरते. अंक दिल्यास एक कार्यविधी चालतो, अक्षरे दिल्यास दुसरा. दिलेल्या माहितीचा प्रकार व संख्या पाहून ही निवड कंपायलर करतो. पुढे माहितीचा नवा प्रकार आला, तर नवा कार्यविधी जोडता येतो. जुन्यांना हात लावावा लागत नाही.

ही कल्पना १९८३ च्या एडा भाषेत होती. ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएल भाषेतही ती आहे. व्यापारी हिशेबांसाठी १९५९ च्या सुमारास निर्माण झालेल्या आयबीएमच्या आरपीजी भाषेत ती २०१९ साली आली. तेथे मूळ कार्यविधींची नावे कायम राहतात आणि एका सामाईक नावाखाली त्यांची यादी दिली जाते. त्यामुळे वर्षानुवर्षे चालत आलेल्या आज्ञावलीस धक्का लागत नाही.

मर्यादा

तथापि, कंपायलरला माहितीचा प्रकार कळतो, अर्थ कळत नाही. गट क्रमांक आणि खाते क्रमांक हे दोन्ही साधे अंक म्हणून दिले, तर '१२५' म्हणजे गट की खाते, हे तो सांगू शकत नाही.

क्षेत्राच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. सातबारावर शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, तर बोलण्यात आजही एकर-गुंठे चालतात. '१.२०' हा आकडा हेक्टर-आर मानल्यास क्षेत्र १२० आर होते. तोच १ एकर २० गुंठे मानल्यास ६० गुंठे, म्हणजे सुमारे ६१ आर होते. पीककर्जाची मर्यादा क्षेत्रावर ठरते. म्हणून ही चूक शेतकऱ्याच्या कर्जास जवळजवळ निम्मी कात्री लावू शकते, अथवा त्याच्या नावावर दुप्पट क्षेत्र दाखवू शकते. आज्ञावली मात्र कोठेही अडत नाही.

यावर उपाय दोन आहेत. हेक्टर-आर व एकर-गुंठे हे माहितीचे दोन स्वतंत्र प्रकार म्हणून घोषित करावेत. मग कंपायलर त्यांत गल्लत करीत नाही. ते शक्य नसेल, तर कार्यविधींना वेगळी नावेच द्यावीत.

कार्यालयांनी काय पाहावे?

नवी प्रणाली स्वीकारताना अधिकारी व पंचायत सदस्यांनी आज्ञावली वाचण्याची आवश्यकता नाही. ज्या खातेदारांचे क्षेत्र निश्चित ठाऊक आहे, अशा काहींची माहिती दोन्ही एककांत भरून येणारे उत्तर ताडून पाहावे. जेथे माहितीचे स्वरूपच भेद दाखविते, तेथे एक नाव सोयीचे. जेथे भेद केवळ अर्थाचा आहे, तेथे वेगळे नावच सुरक्षित होय.