पहिला कॅमेरा आणि दुसरे भिंग

हौसेने डीएसएलआर कॅमेरा घेणाऱ्या नवशिक्याला थोड्याच दिवसांत एक असमाधान छळू लागते. उन्हात काढलेली छायाचित्रे ठीक उतरतात. परंतु घरातले बारसे किंवा संध्याकाळी दिव्याच्या उजेडात निवडत-टिपत बसलेली आजी, ही चित्रे मात्र हलल्यासारखी, पुसट येतात. मग कोणी जाणकार सुचवितो की, कॅमेऱ्याबरोबर आलेले भिंग कुचकामाचे, मोठे घ्या. पगारातून महिनोन्‌महिने बाजूला टाकलेली रक्कम लांब पल्ल्याच्या एखाद्या स्वस्त झूम भिंगावर खर्च होते, आणि आजीचे चित्र होते तसेच राहते.

असे का व्हावे? भिंगावर छापलेले आकडे वाचले, म्हणजे उलगडा होतो. कॅमेऱ्याबरोबर बहुधा मिळणाऱ्या भिंगावर १८-५५ आणि ३.५-५.६ अशा दोन जोड्या असतात. पहिली नाभीय अंतराची, मिलिमीटरांत. हा आकडा जितका मोठा, तितकी दूरची वस्तू जवळ भासते. दुसरी जोडी छिद्राची, आणि येथे हिशेब उलटा आहे: आकडा लहान, तर छिद्र मोठे. ५५ मिलिमीटरवर हे भिंग ५.६ पलीकडे उघडत नाही. याउलट ५० मिलिमीटरचे, एफ १.८ पर्यंत उघडणारे साधे भिंग त्याच्या नऊ-दहा पट प्रकाश आत घेते. जेथे शटर सेकंदाचा दहावा भाग उघडे ठेवावे लागे, तेथे शंभरावा भाग जवळजवळ पुरतो. स्वस्त लांब झूम भिंगेही दूरच्या टोकाला ५.६ च्या आसपासच थांबतात, आणि हाताचा कंप मात्र वाढवून दाखवितात. कंप आवरणारी यंत्रणा भिंगात असली, तरी ती आपला हात सावरते. आजीची हलणारी मान तिला सावरता येत नाही.

तेव्हा दुसरे भिंग घ्यायचे, ते मोठ्या छिद्राचे, एकाच नाभीय अंतराचे. कॅननचे २०१५ साली निघालेले ५० मिलिमीटर, एफ १.८ चे एसटीएम भिंग या जातीचे आणि त्या कंपनीच्या अगदी स्वस्त भिंगांपैकी आहे. झूम नसल्यामुळे मागेपुढे आपणच व्हायचे, एवढेच. एफ १.८ वर स्पष्टतेची खोली फार थोडी असते, म्हणून फोकस डोळ्यांवर धरावा.

परंतु खोलीचाही विचार हवा. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील संवेदक लहान असतो. त्यावर ५० चे भिंग कॅननमध्ये ८० सारखे आणि निकॉनमध्ये ७५ सारखे दृश्य दाखविते. चेहऱ्यासाठी ते उत्तम; पण लहानशा बैठकीच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली, तरी घरची चार माणसे त्यात मावत नाहीत. निकॉनवाल्यांना यावर २००९ चे ३५ मिलिमीटर, एफ १.८ चे डीएक्स भिंग आहे. कॅननचे २०१४ मधील २४ मिलिमीटरचे चपटे भिंग खोलीला सोयीचे. पण ते २.८ पर्यंतच उघडते, म्हणून प्रकाशाचा लाभ माफक. निवड करण्यापूर्वी आपले जुने झूम आठवडाभर ३५ वर आणि आठवडाभर ५० वर स्थिर ठेवून पाहावे. त्याला पैसे पडत नाहीत.

आता दोन्ही कंपन्यांचा भर आरशाविना चालणाऱ्या कॅमेऱ्यांवर असल्याने डीएसएलआरची वापरलेली भिंगे मुबलक मिळतात, आणि काटकसर करणाऱ्याने तिकडे अवश्य वळावे. मात्र निकॉनच्या डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या कॅमेऱ्यांत फोकस फिरविणारी मोटर नाही. जुने ‘डी’ खुणेचे ५० चे भिंग त्यांवर हातानेच जुळवावे लागते. दुसरी गोष्ट बुरशीची. मुंबई-कोकणापासून कोलकात्यापर्यंतच्या दमट हवेत ती काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडून एका बाजूने विजेरीचा झोत टाकावा व दुसऱ्या बाजूने तिरपे पाहावे. तंतू दिसले, तर किंमत कितीही कमी असो, ते भिंग परत करावे. चांगले मिळाले, तर पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत कोंडू नये. घट्ट झाकणाच्या साध्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, आणि पुड्या ओलावल्या की बदलाव्यात.