अर्बुदाचा चयापचय दाखविणारे चित्रण

कर्जत-खालापूरकडील एखाद्या बालकाच्या मेंदूतील अर्बुदावर किरणोपचार झाल्यानंतर एमआरआयमध्ये पुन्हा डाग उमटला, तर तो रोगाचा पुनरुद्भव की किरणांनी मृत झालेला पेशीसमूह, याचा निवाडा केवळ आकारावरून होत नाही. पेशींचा चयापचयच तपासावा लागतो. फ्लोरीन-१८ जोडलेली शर्करा टोचून करावयाचे पेट चित्रण परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झाले. परंतु निरोगी मेंदू मुळातच शर्करेचा मोठा भोक्ता असल्यामुळे त्याच्या तेजात अर्बुद लपून जाते, आणि म्हणूनच मेथिओनिन किंवा फ्लुरोइथिल टायरोसिन ही अमिनो आम्ले येथे अधिक इष्ट ठरतात. पैकी मेथिओनिनमधील कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो, सबब तो तयार करणारा सायक्लोट्रॉन नजीकच हवा; फ्लुरोइथिल टायरोसिनमधील फ्लोरीन-१८ला निम्मे होण्यास सुमारे ११० मिनिटांची मुदत मिळते. एमआरआय यंत्रावरच पेशींतील रसायने मोजणाऱ्या एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत मात्र किरणोत्सारी द्रव्य लागतच नाही: कोलीन वाढलेले व एन-असिटिल अ‍ॅस्पार्टेट घटलेले आढळले, की पुनरुद्भवाचा संशय बळावतो. लहानग्यांना निश्चल ठेवण्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते व त्यासाठी काही तास उपाशी ठेवावे लागते; तेव्हा खोपोलीहून पहाटेच्या लोकलने निघणाऱ्या मातापित्यांना आदल्या दिवशीच तशी स्पष्ट ताकीद देणे अगत्याचे आहे.