इंग्रजीतील आनंदवाचक शब्दसाहचर्ये आणि मराठी भाषक विद्यार्थी

प्रस्तावना :
सहलीचे वर्णन करताना ‘वुई मेड फन’ असे लिहिणारा विद्यार्थी प्रथम वर्षाच्या वर्गात हमखास आढळतो. कर्ता, क्रियापद, कर्म व काळ यथास्थित असूनही वाक्य चुकीचे ठरते. शिक्षक त्याखाली लाल रेघ ओढतात. परंतु चुकीचे कारण विद्यार्थ्यास क्वचितच उमगते. हे कारण व्याकरणात नसून शब्दांच्या परस्पर सोबतीत आहे.

संकल्पना :
विशिष्ट शब्द विशिष्ट शब्दांसमवेतच रूढीने येतात. यास शब्दसाहचर्य किंवा कोलोकेशन म्हणतात. हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्ये टोकियो येथून इंग्रजी शब्दसाहचर्यांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे जे. आर. फर्थ यांनी १९५१ मध्ये ही संज्ञा अर्थविचाराच्या संदर्भात मांडली. मराठीतही आनंद ‘लुटतात’, मजा ‘येते’ आणि काव्याचा आस्वाद ‘घेतात’. मात्र आस्वाद ‘येत’ नाही.

प्रमुख प्रयोग :
१) फन : मराठीत मजा ‘करतात’, इंग्रजीत ती ‘हॅव’ या क्रियापदाने व्यक्त होते, म्हणून ‘हॅव फन’. ‘मेक फन ऑफ’ याचा अर्थ मात्र एखाद्याची टर उडवणे असा होतो. ‘फन’ हे नाम अगणनीय असल्याने ‘ग्रेट फन’ म्हणतात, ‘अ ग्रेट फन’ नव्हे.
२) टाइम : ‘हॅव अ गुड टाइम’ या प्रयोगात ‘अ’ हे उपपद आवश्यक असते.
३) एन्जॉय : हे क्रियापद सामान्यतः कर्माची अपेक्षा करते. ‘आय एन्जॉइड व्हेरी मच’ हे वाक्य त्यामुळे अपुरे राहते. ‘एन्जॉइड मायसेल्फ’ किंवा ‘एन्जॉइड द ट्रिप’ असे म्हणावे लागते. त्यापुढे दुसरे क्रियापद आल्यास ‘एन्जॉय रीडिंग’ असे रूप होते, ‘एन्जॉय टु रीड’ असे नव्हे. ‘थरोली’ हे क्रियाविशेषण त्याच्याशी विशेष जुळते. ‘एन्जॉय गुड हेल्थ’ येथे मात्र मौजेचा संबंध नसून उत्तम आरोग्य लाभणे हा अर्थ आहे.
४) प्लेझर : ‘टेक प्लेझर इन’ हा प्रयोग औपचारिक लेखनास शोभतो, मित्राच्या पत्रात तो अवघडलेला वाटतो.

अध्यापनविषयक विचार :
‘फन म्हणजे मजा’ अशी एकेरी शब्दार्थांची यादी पाठ केल्याने विद्यार्थी मराठीतील ‘करणे’ हे क्रियापद अजाणता इंग्रजीत नेतो. यास्तव नवा शब्द त्याच्या सोबत्यासह फळ्यावर लिहिणे, त्याशेजारी मराठीतील प्रयोग मांडणे आणि दोहोंतील भेद विद्यार्थ्यांकडूनच शोधून घेणे उपयुक्त ठरते.

समारोप :
व्याकरण शुद्ध असूनही आपले इंग्रजी चुकते, या अनुभवाने ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थी बोलण्याचेच टाळतात. चूक बुद्धीची नसून दोन भाषांच्या भिन्न रूढींची आहे, हे त्यांना समजावून दिल्यास तो संकोच कमी होण्यास निश्चितच साहाय्य होईल.