देव आहे, तर पुरावा कोणता?

अभ्यासवर्गात हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा नुकताच वाचू लागलेला तरुण असतो आणि त्याचा रोख देवावर नसतो, माझ्यावर असतो. "सर, तुम्ही देव नाकारता. ठीक आहे. पण कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही देव मान्य कराल, ते आधी सांगा." आपल्यापैकी पुष्कळ जण ‘कोणताच नाही’ असे ठणकावून सांगतात आणि टाळ्या मिळवतात. मला हे उत्तर पटत नाही. कोणत्याही पुराव्याने जे बदलू शकत नाही ते मत नव्हे, ती श्रद्धा. मग ती होकाराची असो की नकाराची. आपला नकार विवेकातून आलेला असेल तर तो कोणत्या अटींवर मागे घेता येईल हे आपल्याला सांगता आले पाहिजे. ते सांगण्याचा प्रयत्न मी येथे करीत आहे.

मात्र या प्रश्नाची चर्चा हवेत करण्यात अर्थ नाही. ग्रंथांतला निर्गुण निराकार कोणाच्या नवसाला पावत नाही आणि त्याच्या नावाने कोणाची मुलगीही सोडली जात नाही. आपल्या वस्तीत जो देव येतो तो आपला पुरावा सोबत घेऊनच येतो. तेव्हा त्या पुराव्यापासूनच सुरुवात करू.

दक्षिण महाराष्ट्र आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकाच्या भागात सौंदत्तीच्या यल्लम्माचा मोठा भक्तवर्ग आहे. मुलीच्या केसांत जट आली की देवीचे बोलावणे आले, ही तिथली समजूत. जट म्हणजे देवीची खूण. ती कापायची नाही, विंचरायची नाही, तिला हळद-कुंकू वाहायचे. आणि खूण आली म्हणजे मुलगी देवीची. तिला देवीला सोडायची. सोडलेल्या मुलीला लग्न नाही. तिने जोगवा मागायचा, गावातल्या कोणा धनवंताची होऊन राहायचे, किंवा मुंबई-पुण्याच्या वेश्यावस्तीत जायचे. अशा सोडलेल्या मुली बहुसंख्येने दलित घरांतल्या होत्या. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली तेव्हा ही गोष्ट सुशिक्षित महाराष्ट्रासमोर ठळकपणे आली. कायदे आधीही होते, नंतरही झाले. मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. पण कायदा सोडण्याच्या कृत्याला शिक्षा देतो. जट ही खूण आहे की नाही, यावर तो निकाल देत नाही. तो निकाल आपल्यालाच द्यावा लागतो.

या जटेकडे पुरावा म्हणून नीट पाहा. आईबाप खोटे बोलत नाहीत. जट खरोखर आलेली असते, डोळ्यांना दिसते, हाताला लागते. म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण आहे! घोटाळा प्रत्यक्षात नसून प्रत्यक्षावरून काढलेल्या अनुमानात आहे. केस बरेच दिवस धुतले नाहीत, विंचरले नाहीत, त्यांत घाम, धूळ आणि तेल साचत गेले की ते एकमेकांत गुंततात आणि त्यांचा घट्ट दोर होतो. ज्या वस्तीला पाणी दुरून आणावे लागते आणि जिथली आई उजाडायच्या आत मजुरीला जाते, तिथे पोरीच्या डोक्यावरून रोज फणी कोण फिरवणार? म्हणजे जटेला देवीवाचून दुसरे कारण आहे, ते साधे आहे आणि पुरेसे आहे. सधन घरातल्या मुलीच्या केसांत गुंता झाला तर तेल आणि फणी येते, फार तर कात्री येते. दलित घरातल्या मुलीच्या केसांत झाला तर देवी येते. खूण तीच, पण अर्थ जात पाहून बदलतो. ज्या पुराव्याचे वाचन जातीप्रमाणे बदलते तो देवाचा पुरावा नसतो. तो समाजरचनेचा पुरावा असतो.

आता यातली दुसरी बाजू. जट कापली तर देवी कोपेल, घरात मृत्यू होईल, अंधत्व येईल, असे सांगितले जाते. भीतीचा भाग सोडून दिला तर हे एक स्पष्ट भाकीत आहे आणि म्हणून ते तपासता येते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रात शेकडो स्त्रियांच्या जटा त्यांच्या संमतीने कापल्या. त्या स्त्रियांची मान मोकळी झाली, डोकेदुखी गेली, त्या रात्रीची झोप घेऊ लागल्या. भाकीत खोटे ठरले. परंतु श्रद्धावान मनुष्य तेवढ्याने हरत नाही. काही झाले नाही, तर देवीने क्षमा केली. वर्षाने म्हैस मेली, तर देवी कोपली. काहीही घडले तरी देवीच खरी! या ठिकाणी मी विद्यार्थ्यांना थांबवतो. जे विधान प्रत्येक घटनेने सिद्ध होते ते कोणत्याच घटनेने सिद्ध होत नाही. अमुक झाले तर माझे म्हणणे खोटे, असे आधी सांगण्याची ज्याची तयारी नाही त्याने पुराव्याची भाषाच करू नये. नवसाचेही असेच आहे. जत्रेत नवस फेडणारे दिसतात. ज्यांचा नवस फळला नाही ते घरी बसलेले असतात, त्यांची मोजदाद कोणी करीत नाही.

शास्त्री-पंडितांचा पुरावा याहून वरच्या पातळीवरचा आहे असे पुष्कळांना वाटते. तो थोडक्यात पाहू. नैयायिक म्हणतात, घट हे कार्य आहे, त्याला कुंभार हा कर्ता आहे, जग हेही कार्य आहे, म्हणून त्यालाही कर्ता असला पाहिजे, तोच ईश्वर. यावर सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध पंडिताने प्रमाणवार्तिकात दिलेले उत्तर शेतात राबणाऱ्या कोणालाही कळेल असे आहे. मडके मातीचे आहे आणि ते कुंभाराने केले. वारूळही मातीचेच आहे, मग तेही कुंभारानेच केले म्हणायचे काय? मडके घडताना आपण पाहिलेले असते, म्हणून मडक्यावरून कुंभाराचे अनुमान करता येते. जग घडताना कोणीच पाहिलेले नाही. पुढे उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराची बाजू पुन्हा मोठ्या ताकदीने मांडली. पण वारूळ जागच्या जागीच राहिले. दीघनिकायातल्या तेविज्ज सुत्तात बुद्धांनी ब्राह्मण तरुणांना याहूनही सरळ विचारले आहे : तुमच्या आचार्यांपैकी, त्यांच्या आचार्यांपैकी, मंत्र रचणाऱ्या ऋषींपैकी ब्रह्म्याला समोरासमोर कोणी पाहिले आहे काय? मग त्याच्याकडे जाणारा रस्ता तुम्ही कशाच्या आधारे दाखवता?

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. वेदाला सर्वोच्च मानणारे पूर्वमीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानीत नाहीत. कुमारिल भट्टाने त्याचे खंडनच केले आहे. म्हणजे देव गेला तरी वेद राहतो आणि वेद राहिला की अधिकारभेद राहतो. देव नाकारला की जात आपोआप मोडेल, असे समजणाऱ्या आपल्या काही मित्रांनी हे ध्यानात घ्यावे.

आता पुराव्याचा भार कोणावर, हा प्रश्न. "देव नाही हे तुम्ही सिद्ध करा," असे आपल्याला ऐकवले जाते. याचे उत्तर तर्कशास्त्राच्या पुस्तकात शोधण्याची गरज नाही. ते महाडच्या खटल्यात आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले आणि पुढे कोर्टात जाऊन सांगितले की अस्पृश्यांनी या तळ्यावर न येण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे. वहिवाट नाही हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिद्ध करावे, असे कोर्ट म्हणाले नाही. जो वहिवाट सांगतो त्याने ती सिद्ध करावी, हाच न्याय लागला. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की ती अनादी असल्याचे शाबीत झालेले नाही. ‘अनादी’ हा शब्द साक्षीपुराव्याच्या पिंजऱ्यात उभा केला की त्याचे काय होते ते तिथे दिसले. देवाच्या बाबतीत मी यापेक्षा कडक नियम लावीत नाही. सौम्यही लावीत नाही.

आपल्या सोयीचा पुरावा आला तर? कसोटीची खरी वेळ हीच. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारला भयंकर भूकंप झाला, हजारो माणसे मेली. त्या वेळी हरिजन दौऱ्यावर असलेल्या गांधीजींनी सांगितले की हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेला दंड आहे. ऐकायला बरे वाटावे असेच हे होते. प्रत्यक्ष ईश्वर आपल्या बाजूने साक्षीला आला! रवींद्रनाथ ठाकुरांनी याला जाहीर विरोध केला. ते स्वतः अस्पृश्यतेचे विरोधक होते, ईश्वर मानणारेही होते. तरी त्यांचे म्हणणे असे की निसर्गाच्या उत्पाताला नैतिक अर्थ चिकटवू नये, कारण हीच युक्ती विरोधकांना अधिक शोभेल. ते म्हणतील, हा कोप गांधींच्या चळवळीमुळेच झाला. मी ठाकुरांच्या बाजूचा आहे. त्या भूकंपात अस्पृश्यांची घरे पडली नाहीत काय? ज्या न्यायाने यल्लम्माची जट मी नाकारतो त्याच न्यायाने मला बिहारचा भूकंपही नाकारावा लागतो. आपला हक्क माणूस म्हणून आहे. तो भूकंपाच्या शिफारशीवर मिळवायचा नाही.

मग कोणता पुरावा चालेल? काय घडेल ते आधी लिहून ठेवलेले असावे. न घडल्यास दावा मागे घेण्याची कबुली असावी. साधे कारण शिल्लक राहू नये. तपासणाऱ्यांत विरोधक असावेत आणि दुसऱ्यांनी पुन्हा पाहिले तरी तेच दिसावे. असे प्रयोग अशक्य नाहीत, ते झालेले आहेत. अमेरिकेत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ठाऊक नसलेल्या रुग्णांचे दोन गट होते. प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही त्रास झाला, न झालेल्या गटात ५१ टक्क्यांना. प्रार्थना होत आहे हे ज्यांना पक्के ठाऊक होते त्यांच्यात तर ५९ टक्क्यांना. समजा, उलटे घडले असते. प्रार्थना झालेले रुग्ण निम्म्याने कमी आजारी पडले असते, आणि दहा देशांत, नास्तिक डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेच पुन्हा दिसले असते, तर मी माझे मत बदलले असते. यल्लम्माबद्दलही सांगतो. दोनशे मुलींची डोकी रोज धुवावीत, विंचरावीत. कोणाला बोलावणे येणार त्यांची नावे पाकिटात बंद करून ठेवावीत. आणि तरीही नेमक्या त्याच मुलींच्या केसांत, पाटलाची असो की मांगाची, एका रात्रीत जट यावी. असे घडले तर काही अज्ञात शक्ती आहे, हे मी मान्य करीन.

‘देव अशी परीक्षा देत नाही’ असे म्हणणाऱ्याशी माझे भांडण नाही. मात्र त्याने ते शेवटपर्यंत पाळावे. जो देव कोणत्याही खुणेने कळत नाही, त्याला कोणाचा विटाळ होतो, कोणती मुलगी हवी असते, कोणाचे पाऊल गाभाऱ्यात चालत नाही, हे तरी कसे कळले? परीक्षेच्या वेळी अगम्य आणि हुकूम सोडताना बोलका, असे दोन्ही चालणार नाही.

आणि समजा, पाकिटातली नावे जुळली. शक्ती आहे, एवढेच त्यातून सिद्ध झाले. ती न्यायी आहे हे सिद्ध झाले नाही आणि तिची आज्ञा मला बंधनकारक आहे हे तर मुळीच नाही. सावकार आहे, हे मला मान्यच असते. म्हणून मी त्याची पूजा करीत नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांत देव न मानणे आणि उपासना न करणे असे दोन नकार शेजारी शेजारी आहेत. पहिला नकार पुराव्यावर उभा आहे, म्हणून तो पुराव्यापुढे खुला आहे. दुसऱ्यासाठी पाकीट उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. कोवळ्या मुलीला मागणारी देवी उद्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तर तिचे अस्तित्व मी नोंदवून घेईन आणि मुलगी देणार नाही.